खुलासा : ‘उजव्या मेंदूची’ आणि ‘डाव्या मेंदूची’ मुलं

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर मजकूर फिरतोय : ‘चित्रं काढणारं मूल उजव्या मेंदूचं, गणितात हुशार ते डाव्या मेंदूचं.’ हे चूक आहे. कृपा करून त्यावरून कुणाची चित्रकला बंद करू नका. भाषेची बरीच कामं बहुतेकांत डावीकडे चालतात, एवढंच खरं.

मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी. जाळ्यांचं शास्त्र त्यांच्यातल्या जोडण्या तपासतं. आपला रेल्वेचा नकाशा आठवा : बहुतेक स्थानकं फक्त शेजारच्यांना जोडलेली, पण कुर्डुवाडीला मिरज-लातूरच्या वाटा फुटतात, होटगीला विजयपूरची. मेंदूतही असे मोजके ‘जंक्शन’ भाग दूरदूरचे गट जोडतात. म्हणून गणित सोडवतानाही दोन्ही बाजू कामाला लागतात. त्यांना सांधणाऱ्या जाड पट्ट्यात सुमारे 20 कोटी तंतू आहेत.