‘वैमानिक काढा, अपघात थांबतील’ : एका दाव्याचा प्रतिवाद

मोठा विमान अपघात झाला की एक दावा हमखास फिरू लागतो. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे बोइंग 787 कोसळल्यानंतरही तो पुष्कळांनी पुढे पाठवला. त्याचा आशय असा: सुमारे 80 टक्के विमान अपघात मानवी चुकीमुळे होतात, विमान तर आजही संगणकच उडवतो, संगणक चुकत नाही, थकत नाही, आत्महत्या करत नाही, मेट्रो चालकाशिवाय धावते, कॉकपिटमधली माणसे पाचावरून दोनावर आलीच आहेत, तेव्हा उरलेली दोनही काढावीत. अहमदाबादच्या अपघाताविषयी तपास यंत्रणेचा जुलै 2025 चा प्राथमिक अहवाल सांगतो की दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा तोडणारे स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ स्थितीत गेले. ते का आणि कसे गेले, याचे उत्तर त्या अहवालात नाही, म्हणून तो अपघात मी येथे कोणत्याही बाजूचा पुरावा म्हणून वापरणार नाही.

प्रथम 80 टक्क्यांचा आकडा. तो विमान उद्योगात अनेक वर्षे वापरला जातो आणि ढोबळमानाने चालण्यासारखा आहे. मात्र दावा करणारे ‘मानवी चूक’ या शब्दांच्या जागी गुपचूप ‘वैमानिकाची चूक’ बसवतात. मानवी चुकांत हवाई वाहतूक नियंत्रक येतात, देखभाल करणारे तंत्रज्ञ येतात, भाग जुळवणारे कारागीर येतात. 12 ऑगस्ट 1985 रोजी जपान एअरलाइन्सचे बोइंग 747 पडून 520 माणसे दगावली, त्याचे मूळ सात वर्षांपूर्वीच्या एका सदोष दुरुस्तीत होते: विमानाची शेपटी धावपट्टीला घासल्यानंतर केबिनमधला हवेचा दाब राखणारी मागची दाबभिंत बोइंगच्या पथकाने चुकीच्या पद्धतीने जोडली होती. त्या दिवशी कॉकपिट रिकामे असते, तरी ती भिंत फुटलीच असती.

या आकड्याचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. वैमानिकामुळे झालेला अपघात नोंदला जातो. वैमानिकामुळे टळलेला अपघात सहसा कोणत्याही तक्त्यात येत नाही, कारण विमान उतरते, प्रवासी घरी जातात आणि लॉगबुकात एक ओळ पडते. यष्टिरक्षकाचे सुटलेले झेल तेवढे मोजायचे, पकडलेले मोजायचेच नाहीत, आणि मग त्याला संघातून काढायचे, असा हा हिशेब आहे.

वैमानिकांच्या खऱ्या चुका झाकण्याचे कारण नाही. 22 मे 2010 रोजी मंगळूरला 158 माणसे गेली. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत दिसले की कॅप्टन प्रवासाचा बराच काळ झोपलेले होते, आणि उतरण्याची स्थिती बिघडलेली असूनही त्यांनी उतरणे सुरूच ठेवले. 7 ऑगस्ट 2020 रोजी कोळिकोडला 21 जण दगावले. तेथेही अस्थिर स्थितीत उतरणे चालू ठेवून विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले, असे तपासात निघाले. परंतु दोन्ही अहवालांत एक गोष्ट सारखी आहे, आणि दावा करणारे ती वाचत नाहीत: दोन्ही वेळा सहवैमानिकाला धोका दिसला होता आणि त्याने ‘गो-अराउंड’ म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याची सूचना केली होती. ती ऐकली गेली नाही. म्हणजे दोष होता तो कॉकपिटमधल्या उतरंडीत, आणि त्यावरचा उपाय दुसऱ्या माणसाच्या शब्दाला बळ देणे हा आहे. ज्याने इशारा दिला, त्यालाच काढून टाकण्याचा सल्ला या दोन अपघातांतून कसा निघतो, हे मला उमगलेले नाही.

विमान आजही संगणकच उडवतो, हे अर्धे खरे आहे. उंचीवर पोहोचल्यावर ऑटोपायलट दिलेली दिशा, उंची आणि वेग माणसापेक्षा नेटकेपणाने सांभाळतो. पण काय सांभाळायचे, हे त्याला माणूस सांगतो. आजच्या प्रवासी विमानांत उड्डाणाचा क्षण वैमानिकाच्या हातात असतो. एअरबसने 2019 च्या डिसेंबरमध्ये कॅमेऱ्यांच्या साहाय्याने ए350 चे स्वयंचलित उड्डाण करून दाखवले, ते चाचणीत आणि वैमानिक आसनावर बसलेले असताना. स्वयंचलित लँडिंग तर बरेच जुने आहे, 1965 साली ब्रिटिश ट्रायडेंट विमानाने प्रवाशांसह ते केले होते. साठ वर्षांनंतरही त्याला धावपट्टीवरची अचूक मार्गदर्शक यंत्रणा लागते, आणि आडव्या वाऱ्याची त्याची मर्यादा अनेक विमानांत 20 ते 25 नॉटच्या (ताशी सुमारे 37 ते 46 किलोमीटर) आसपास, म्हणजे हाताने उतरवण्याच्या मर्यादेपेक्षा कमी असते. तेव्हा वारा जितका वाईट, तितके काम माणसाकडे येते. धुके याला अपवाद आहे, आणि तेथे यंत्राला पूर्ण श्रेय दिले पाहिजे.

यंत्र आणि माणूस यांच्यामधल्या सांध्यात काय घडते, याचे आपल्या देशातले उदाहरण 14 फेब्रुवारी 1990 चे आहे. मुंबईहून बंगळूरला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ए320 धावपट्टीच्या अलीकडेच पडले आणि 146 पैकी 92 जण दगावले. स्वयंचलन अशा अवस्थेत होते की इंजिने किमान शक्तीवर फिरत होती आणि विमानाचा वेग घटत होता. ते वैमानिकांच्या ध्यानात आले तेव्हा फार उशीर झाला होता. याची नोंद वैमानिकांच्या चुकीत होते, आणि एका अर्थाने ती रास्तही आहे. पण इंडियन एअरलाइन्समध्ये ए320 तेव्हा नवेकोरे होते, आणि स्वयंचलन या क्षणी काय करत आहे हे ओळखण्याचा प्रश्न स्वयंचलनानेच निर्माण केला होता.

‘संगणक चुकत नाही’ हा दाव्याचा कणा आहे, आणि तोच सर्वांत कच्चा आहे. बोइंग 737 मॅक्समध्ये एमकॅस नावाची प्रणाली होती. विमानाचे नाक धोकादायक वर गेल्याचे तिला वाटले की ती आपण होऊन नाक खाली दाबत असे. हे ठरवताना एका वेळी ती, समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणाऱ्या, एकाच सेन्सरवर विश्वास ठेवी, आणि तिचा उल्लेख वैमानिकांना दिलेल्या पुस्तिकेतही नव्हता. 29 ऑक्टोबर 2018 रोजी लायन एअरचे विमान जकार्ताजवळ समुद्रात कोसळून 189 जण गेले. 10 मार्च 2019 रोजी इथिओपियात 157 गेले. लायन एअरच्या विमानावरचा सेन्सर बालीमध्ये बदललेला होता आणि आधीच्या दुरुस्तीत तो सुमारे 21 अंशांनी चुकीचा जुळवला गेला होता. संगणकाने आपले काम निर्दोषपणे केले, कारण त्याला मिळालेल्या आकड्यानुसार नाक खरोखरच वर होते.

याच विमानाने आदल्या दिवशी, त्याच बिघाडासह, बालीहून जकार्तापर्यंत प्रवास केला होता. प्रणाली पुन्हा पुन्हा नाक दाबत होती. कॉकपिटमध्ये प्रवासी म्हणून बसलेला एक तिसरा वैमानिकही त्या वेळी मदतीला होता. प्रणाली शेपटीचा जो पंख हलवून नाक दाबत होती, त्याच्या मोटारीची वीज कर्मचाऱ्यांनी तोडली, तो पंख हलवणारे कॉकपिटमधले चाक हाताने फिरवले आणि विमान सुखरूप उतरवले. त्यांनी बिघाडाची नोंद अपुरी केली, ही त्यांची चूक, आणि ती दुसऱ्या दिवशीच्या कर्मचाऱ्यांना भोवली. तरीही सेन्सर तोच, संगणक तोच असताना एक दिवस विमान वाचले, ते त्या माणसांमुळे. वैमानिक नसलेल्या मॅक्समध्ये पहिलाच दिवस शेवटचा ठरला असता.

आणि माणसे येथेही होतीच: ज्यांनी एकाच सेन्सरवर भिस्त ठेवली, ज्यांनी पुस्तिकेतून तो भाग वगळला, ज्यांनी सेन्सर वाकडा जुळवला. वैमानिक काढल्याने विमानातून माणूस जात नाही, तो फक्त जमिनीवरच्या कार्यालयात सरकतो. त्याची चूक उड्डाणाच्या कित्येक महिने आधी होऊन गेलेली असते, ती एकाच वेळी त्या प्रकारच्या सगळ्या विमानांत असते, आणि प्रत्यक्ष क्षणी ती पाहून हात घालणारे कोणी नसते. 7 ऑक्टोबर 2008 रोजी क्वांटासच्या ए330 मध्ये एका उपकरणाने खोटे आकडे पाठवले आणि उड्डाण संगणकाने दोनदा विमानाचे नाक एकाएकी खाली खेचले. शंभराहून अधिक जण जखमी झाले. वैमानिकांनी ते ऑस्ट्रेलियातल्या लिअरमंथ येथे उतरवले.

एअर फ्रान्स 447 या अपघाताचा दाखला दोन्ही बाजू देतात. 1 जून 2009 रोजी अटलांटिकवर वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फाचे कण साचले, वेगाचे आकडे फसवे झाले आणि ऑटोपायलटने हात वर केले. आकडे एका मिनिटाच्या आत पुन्हा बरोबर झाले होते. पण तोवर विमान हाताने चालवणाऱ्या सहवैमानिकाने नाक वर ओढून धरल्यामुळे ते स्टॉल झाले, म्हणजे पंखांची उचल हरवून खाली पडू लागले, आणि सुमारे साडेचार मिनिटांत 228 जण गेले. चूक वैमानिकांची, यात शंका नाही. मात्र अशा उंचीवर हाताने विमान चालवण्याचे प्रशिक्षण त्या सहवैमानिकांना मिळालेले नव्हते, आणि आकडे विसंगत दिसताच सर्वप्रथम माघार घेतली ती ऑटोपायलटनेच. वैमानिक नसता तर ही माघार कोणाकडे घेतली असती?

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो: पुढचा संगणक अधिक हुशार असेल. असेल. 19 जुलै 1989 रोजी युनायटेड 232 या विमानाचे सर्व हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर पंखांचे व शेपटीचे हलते भाग चालवणारी यंत्रणा, निकामी झाले, तेव्हा वैमानिकांनी केवळ इंजिनांची शक्ती कमीजास्त करून ते अमेरिकेतल्या सू सिटीपर्यंत आणले आणि 296 पैकी 184 जण वाचले. पुढे नासाने हीच युक्ती संगणकाला शिकवली आणि 1995 मध्ये एक एमडी-11 विमान केवळ इंजिनांच्या बळावर उतरवून दाखवले. यंत्राने ते माणसापेक्षा नेमकेपणाने केले. पण कोणत्याही पुस्तिकेत नसलेला तो मार्ग आधी माणसाला सुचला होता.

आपल्याकडचा ताजा प्रश्न विमानाला त्याचे स्थान सांगणाऱ्या उपग्रहांच्या बनावट संकेतांचा आहे. नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, असे 465 प्रकार नोंदले गेल्याची माहिती सरकारने लोकसभेत दिली. अशा वेळी यंत्र स्वतःचे स्थानच चुकीचे समजते. उलट, जमिनीच्या किंवा दुसऱ्या विमानाच्या जवळिकीचा इशारा देणाऱ्या यंत्रांनी असंख्य जीव वाचवले आहेत; 12 नोव्हेंबर 1996 च्या चरखी दादरी येथील टकरीनंतर, ज्यात 349 जण गेले, भारताने टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची केली, आणि 2002 मध्ये जर्मनीतल्या युबरलिंगन येथे यंत्र बरोबर असताना एका वैमानिकाने नियंत्रकाचे ऐकल्यामुळे दोन विमानांची टक्कर होऊन 71 जण गेले. माझा वाद स्वयंचलनाशी नाहीच. ते वैमानिकाशेजारी असावे, त्याच्या जागी नव्हे.

मेट्रोची तुलना फार वेळ घेण्यासारखी नाही. दिल्लीच्या मजेंटा मार्गावर डिसेंबर 2020 पासून चालकाशिवाय गाड्या धावतात, कारण काही बिघडले की गाडी थांबते आणि थांबणे हेच सुरक्षित असते. विमानाला ही सोय नाही.

24 मार्च 2015 चा जर्मनविंग्सचा अपघात मात्र दाव्याच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. सहवैमानिकाने कॅप्टनला बाहेर कोंडून विमान आल्प्समध्ये घातले आणि 150 जण गेले. परंतु तो त्या क्षणी एकटा होता म्हणूनच हे शक्य झाले. विमान जमिनीवरून चालवू लागलो, तर विकृत मनाच्या माणसाला कॉकपिटमध्ये शिरण्याचीही गरज उरणार नाही, संपर्काचा दुवा हाती आला की पुरे.

पाचावरून दोनावर आलो, मग शून्यावर का नाही, या युक्तिवादात बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, अर्थ नाही. रेडिओ ऑपरेटर, मार्गशोधक आणि फ्लाइट इंजिनिअर यांची कामे यंत्रांनी घेतली, पण निर्णयाची जबाबदारी प्रत्येक वेळी उरलेल्या माणसांकडेच आली. लांबच्या प्रवासात काही काळ एकच वैमानिक ठेवण्याच्या कल्पनेचा युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने अभ्यास करवून घेतला, आणि 2025 मध्ये निष्कर्ष आला तो असा, की आजच्या दोन वैमानिकांइतकी सुरक्षितता त्यात पुरेशी सिद्ध करता येत नाही. ही दोनावरून एकावर येण्याची गोष्ट झाली.

राहता राहिला थकवा. वैमानिक थकतो, मंगळूरचा अपघात त्याची साक्ष आहे, आणि त्यावर उपाय माहीत आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेली आणि रात्रीच्या उड्डाणांवर मर्यादा आणल्या. हे नियम 2025 मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. डिसेंबर 2025 च्या प्रारंभी पुरेसे वैमानिक न नेमलेल्या इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि याच महासंचालनालयाने तिला रात्रपाळीच्या काही नियमांतून तात्पुरती सूट दिली.