वरातीमागून घोडं? दुसऱ्या संधीबद्दलच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली होती. लगेच उत्तर दिलं असतं तर मी फक्त स्वतःची बाजू लढवत बसलो असतो, म्हणून चार दिवस थांबलो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाला आणखी एक संधी द्यायची की नाही हे नुसत्या गुणतक्त्यावरून ठरवू नये, असं मी लिहिलं होतं. इंग्लंडच्या आर्सेनल क्लबने मिकेल आर्टेटाला ठेवलं ते बरोबर, मँचेस्टर युनायटेडने २०२४ च्या उन्हाळ्यात एरिक टेन हागला ठेवलं ते चूक, आणि दोन्ही गोष्टी "तेव्हाच स्पष्ट दिसत होत्या", असंही लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात की हे सगळं वरातीमागून घोडं आहे. निकाल माहीत असताना कोणीही शहाणा होतो. "खेळ सुधारतोय" ही हरणाऱ्या प्रशिक्षकांची ठरलेली पळवाट आहे. मी मुदत कुठेच सांगत नाही, म्हणजे माझ्या हिशोबाने कुणाला कधी काढताच येणार नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंत की प्रशिक्षक शिकत असताना खेळाडूंची उमेदीची वर्षं जातात, त्याचं काय?

पहिला आक्षेप मला लागला, कारण तो बरोबर आहे.

२५ डिसेंबर २०२० चा दिवस आठवून बघा. आर्सेनल १४ सामन्यांत १४ गुणांवर, पंधराव्या क्रमांकावर. १ नोव्हेंबरला ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर, जिंकल्यानंतर साखळीतले (प्रीमियर लीगमधले) सात सामने झाले होते आणि एकही विजय नव्हता. सात सामन्यांत मिळून तीन गोल. टॉटनहॅमविरुद्धचा ०-२ चा सामना मी नंतर पुन्हा पाहिला. चेंडू उजवीकडे, तिथून उंच टाकला, टॉटनहॅमच्या बचावपटूने डोक्याने परतवला. मग चेंडू डावीकडे, पुन्हा उंच टाकला, पुन्हा परत. मधून कुणी घुसतच नव्हतं. आणि सामन्यानंतर आर्टेटा म्हणाला की पेनल्टी क्षेत्रात इतकी माणसं आणि इतके चेंडू गेले की गोल होणारच, हे साधं गणित आहे. ज्या प्रशिक्षकाला स्वतःच्या संघाची अडचण दिसत नाही, तोच असं बोलेल असं वाटावं अशी ती वेळ होती. हे खरं की त्या सात सामन्यांपैकी लीड्स, बर्नली आणि साउदम्प्टनविरुद्ध आर्सेनलच्या एकेका खेळाडूला लाल कार्ड मिळालं होतं. पण वारंवार लाल कार्ड मिळणं हाही प्रशिक्षकाच्या खात्यावरचाच प्रश्न मानायला हवा.

त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं तर मी "काढा" म्हणालो असतो. म्हणजे "तेव्हाच स्पष्ट दिसत होतं" हे माझं वाक्य खरं नाही.

मग खरं काय होतं? दुसऱ्या दिवशी चेल्सीविरुद्धच्या सामन्यात आर्टेटाने एमिल स्मिथ रो या २० वर्षांच्या मुलाला मध्ये उतरवलं. सोबत १९ वर्षांचे साका आणि मार्टिनेली. काही अनुभवी खेळाडू उपलब्ध नव्हते, त्यामुळे यात थोडी नाइलाजाचीही बाजू होती. पण स्मिथ रो चेल्सीची बचावफळी आणि मधली फळी यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात जाऊन उभा राहायचा, चेंडू घेऊन वळायचा, आणि आठवडेच्या आठवडे फक्त कडेने चाललेला खेळ पहिल्यांदा मधून चालला. आर्सेनल ३-१ ने जिंकलं. मला महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. पुढच्या ब्रायटन आणि वेस्ट ब्रॉमविरुद्धच्या सामन्यांतही स्मिथ रो सुरुवातीपासून खेळला, आणि जानेवारीत त्याच जागेवर खेळू शकणारा मार्टिन ओडेगार्ड उसनवारीवर आला. तीन आठवड्यांपूर्वी गणित सांगणाऱ्या माणसाने ते गणित गुपचूप बाजूला ठेवलं होतं. हे जानेवारी २०२१ मध्ये दिसत होतं, डिसेंबरमध्ये नाही. माझ्या लेखात एका महिन्याची चूक आहे, आणि प्रशिक्षकाच्या नोकरीत एक महिना म्हणजे सगळंच.

मात्र ऑगस्ट २०२१ बाबत मी माघार घेणार नाही. पहिले तीन सामने, शून्य गुण, शून्य गोल, नऊ गोल खाल्ले, तळाला विसावा क्रमांक. सगळीकडे हकालपट्टीची भाषा सुरू झाली. पण ते तीन सामने कुणाशी होते? ब्रेंटफर्डविरुद्ध ऑबामेयांग आणि लाकाझेट हे दोन्ही मुख्य आघाडीपटू नव्हते. मग चेल्सी, म्हणजे तेव्हाचे युरोपचे विजेते. मग मँचेस्टर सिटी, म्हणजे इंग्लंडचे विजेते, आणि तिथे झाकाला पूर्वार्धातच लाल कार्ड. मी सामना बघताना एक वही ठेवतो. त्यात प्रत्येक सामन्याची एकच नोंद करतो: संघ मागे पडल्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय बदललं. त्या तीन सामन्यांच्या पानावर माझ्या हातची ओळ आहे, "यावरून काहीच कळत नाही, सप्टेंबर बघायचा." ती ओळ पुढे काय झालं ते कळण्याआधीची आहे. त्या मोसमाच्या शेवटी आर्सेनल ६९ गुणांसह पाचवं आलं आणि पुढचे तीन मोसम दुसरं.

टेन हागचं प्रकरण उलट्या बाजूने बघा. २५ मे २०२४ ला युनायटेडने एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सिटीला २-१ ने हरवलं, गार्नाचो आणि मेनू यांचे गोल. त्या संध्याकाळी कुणालाही वाटलं असतं की या माणसाला संधी मिळायलाच हवी. पण त्याच मोसमात युनायटेड साखळीत आठवं आलं होतं, १४ सामने हरलं होतं, ५७ गोल करून ५८ खाल्ले होते. आणि का खाल्ले हे प्रत्येक आठवड्याला दिसत होतं. पुढचे खेळाडू चेंडू हिसकावायला वर धावत, बचावफळी मागेच थांबे, आणि मधे एवढं मैदान मोकळं पडे की समोरचा संघ दोन पासमध्ये गोलपाशी. लिसांद्रो मार्टिनेझ आणि ल्यूक शॉ बराच काळ जखमी होते, हे त्याच्या बाजूने मोजायला हवं. तरीही अंतिम सामन्यात त्याने खरा आघाडीपटू न खेळवता फर्नांडिस आणि मॅकटोमिने यांना पुढे ठेवलं, संघ आखडून घेतला आणि ती पोकळी बुजवली. म्हणजे उपाय त्याला माहीत होता.

म्हणूनच २६ मे ला विचारायचा प्रश्न एकच होता: हा उपाय तू पुढच्या मोसमात कायम ठेवणार, की पुन्हा जुन्या मार्गाला जाणार? आधी इतर प्रशिक्षकांची चाचपणी झाल्याच्या बातम्या आल्या, आणि मग जुलैमध्ये त्याचाच करार २०२६ पर्यंत वाढवला गेला. सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर लिव्हरपूल ०-३, टॉटनहॅम ०-३. २८ ऑक्टोबरला त्याला काढलं तेव्हा नऊ सामन्यांत ११ गुण आणि आठ गोल होते, क्रमांक चौदावा. माझा राग टेन हागवर नाही. संधी द्यायची तर मनापासून द्यावी. तळ्यात-मळ्यात करून दिलेल्या संधीत खेळाडूंनाही कळतं की साहेबांची खुर्ची डळमळीत आहे, आणि मग कोण कुणाचं ऐकतो?

"खेळ सुधारतोय" या पळवाटेबद्दल. तुमचा संशय मला समजतो, हे वाक्य मीही शेकडो पत्रकार परिषदांत ऐकलंय. पण निकालामागे नशीब असतं आणि ते काही अंशी मोजताही येतं. पेनल्टीतून गोल होण्याची शक्यता साधारण तीन चतुर्थांश धरतात. तसंच प्रत्येक फटक्याला जागा, कोन, समोरची गर्दी बघून मोल देता येतं. यालाच एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल, म्हणतात. २०१४-१५ च्या मोसमात युर्गन क्लॉपचा जर्मन क्लब डॉर्टमुंड जर्मन साखळीत हिवाळी सुट्टीला सतराव्या क्रमांकावर होता. क्लबने त्याला मोसमाच्या मध्यात काढलं नाही, ते सातव्या क्रमांकावर संपले, आणि क्लॉप स्वतःहून बाहेर पडला. क्लॉपला नंतर घेणाऱ्या लिव्हरपूलचे तेव्हाचे विश्लेषक इयन ग्रॅहम यांनी त्याच मोसमाचे आकडे तपासले तेव्हा त्यांना दिसलं की डॉर्टमुंडने निर्माण केलेल्या संधींच्या मानाने त्यांना फारच कमी गुण मिळाले होते. आणि ही मोजपट्टी फक्त प्रशिक्षकाला वाचवत नाही. टेन हागच्या बाबतीत तिने चकाकत्या करंडकामागची भगदाडं दाखवली असती. जी पट्टी दोन्ही बाजूंनी चालते तिला पळवाट म्हणू नका, एवढीच विनंती.

मुदतीचा मुद्दा मात्र पूर्ण मान्य. यावर लोक हमखास ॲलेक्स फर्ग्युसनचं नाव घेतात: युनायटेडमध्ये १९८६ मध्ये आले, १९८९-९० मध्ये तेरावे, तिथलं पहिलं साखळी विजेतेपद १९९३ मध्ये. मी हे उदाहरण टाळतो. तीन वर्षं मिळूनही काहीच न जमलेल्या प्रशिक्षकांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही, मग एका फर्ग्युसनवरून काय सिद्ध होणार? आता तुम्ही विचारलंच आहे तर माझी मुदत सांगतो. संधी देताना क्लबने एक प्रश्न आधी लिहून ठेवावा, उदाहरणार्थ "मधली पोकळी बुजली का?", आणि दहा ते बारा सामने द्यावेत, ज्यांत बलाढ्य आणि दुबळे दोन्ही प्रतिस्पर्धी येतील. उत्तर "नाही" आलं तर दोन विजय लागोपाठ मिळाले असले तरी निरोप. प्रश्न नंतर बदलायचा नाही. निकालानंतरच्या शहाणपणावर मला दुसरा उपाय सुचत नाही.

राष्ट्रीय संघात हेही धड चालत नाही, कारण वर्षाकाठी सामनेच थोडे. जर्मनीचा योआखिम लोव्ह बघा. २०१८ च्या विश्वचषकात गतविजेते असूनही गटात शेवटचे. त्याने नंतर जाहीरपणे कबूल केलं की चेंडू ताब्यात ठेवून सगळ्यांवर वर्चस्व गाजवू हा आपला हट्ट चुकला. मार्च २०१९ मध्ये म्यूलर, हुमेल्स आणि बोआटेंग यांना त्याने बाजूलाही केलं. माझ्या कसोटीवर तो तेव्हा पास झाला असता: चूक ओळखली, बदल केला. मग नोव्हेंबर २०२० मध्ये स्पेनकडून ०-६, आणि २०२१ मध्ये झालेल्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेसाठी म्यूलर-हुमेल्स परत संघात. वेम्बलीवर इंग्लंडकडून ०-२ आणि प्रवास संपला. बदल केला, पण तो निभावला नाही. हे २०१९ मध्ये मला ओळखता आलं नसतं, आणि माझी कसोटी इथे तोकडी पडते हे कबूल करायलाच हवं.

राहिली खेळाडूंची वर्षं. प्रतिक्रियेतला हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटला, कारण प्रशिक्षकांच्या वादात खेळाडूंचा विचार फार कमी लोक करतात. तेविसाव्या वर्षी आलेला विंगर (कडेने खेळणारा आघाडीपटू) सव्विसाव्या वर्षी बाहेर पडतो आणि मधली तीन वर्षं त्याला कुणी परत देत नाही. पण प्रशिक्षक बदलल्यानेही तीच वर्षं जातात. टेन हागनंतर रुबेन अमोरिम आले, त्यांच्या मांडणीत तीन बचावपटू आणि दोन विंगबॅक (कडेने बचाव आणि चढाई दोन्ही करणारे), त्यामुळे आधी विकत घेतलेल्या विंगरना साजेशी जागाच उरली नाही. तो मोसम युनायटेडने ४२ गुणांसह पंधराव्या क्रमांकावर संपवला. एकासाठी घेतलेली माणसं दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि वर त्यांनाच नाकर्ते म्हणायचं, हे मला बघवत नाही. म्हणून मी घाई करू नका म्हणतो, आणि त्याच कारणासाठी मुदत ठरवा हे तुमचं म्हणणं आता मलाही पटलंय.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं. "तेव्हाच स्पष्ट दिसत होत्या" काढून तिथे लिहिलंय: "आर्टेटाच्या बाबतीत जानेवारी २०२१ पासून दिसू लागलं होतं, त्याआधी नाही. ही चूक एका वाचकाने लक्षात आणून दिली."