गोल्फचे नियम लोझानमध्ये ठरत नाहीत

‘आंतरराष्ट्रीय गोल्फ महासंघ खेळाचे नियम करतो आणि चारही मोठ्या स्पर्धा भरवतो’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. या महासंघाचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या लोझानला आहे. गोंधळ होतो तो नावामुळे: फुटबॉलच्या फिफासारखी एकच सर्वोच्च संस्था गोल्फमध्ये नाही.

नियम दोन संस्था मिळून लिहितात. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेची ‘यूएसजीए’ (युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन). यूएसजीएची हद्द अमेरिका व मेक्सिको. उरलेले जग, भारतासह, आर अँड एकडे. चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, हरवलेला चेंडू शोधायला ३ मिनिटे (२०१९ पूर्वी ५), हे सगळे त्यांचेच. शिवाय आर अँड ए म्हणजे १७५४चा जुना ‘रॉयल अँड एन्शंट’ गोल्फ क्लब नव्हे; २००४पासून ही जबाबदारी वेगळ्या संस्थेकडे आहे.

चार मोठ्या स्पर्धांचे यजमानही वेगवेगळे: ‘द ओपन’ आर अँड एची, ‘यूएस ओपन’ यूएसजीएची, ‘मास्टर्स’ ऑगस्टा नॅशनल क्लबची, ‘पीजीए चॅम्पियनशिप’ व्यावसायिक गोल्फपटूंच्या ‘पीजीए ऑफ अमेरिका’ या संघटनेची.

मग लोझानचा महासंघ करतो काय? १९५८मध्ये तो हौशी खेळाडूंच्या जागतिक सांघिक स्पर्धेसाठी स्थापन झाला. आज ऑलिंपिकमधले गोल्फ तोच चालवतो: ६० पुरुष, ६० महिला, एका देशाचे सहसा दोनच; जागतिक क्रमवारीत पहिल्या पंधरांत असतील तर चारपर्यंत. पात्र ठरलेल्यांपैकी कुणी माघार घेतली की क्रमवारीतल्या पुढच्याला जागा मिळते. पुण्याचा गोल्फपटू उदयन माने टोकियो ऑलिंपिकला असाच पोहोचला.