जोगलटेंभीची नाणी राहून गेली

नाण्यांच्या संग्रहालयांवरच्या तुमच्या लेखात लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि बर्लिनच्या बोडे म्युझियमबद्दल छान माहिती आहे. बोडेमधून २०१७ साली चोरीला गेलेल्या १०० किलोच्या सोन्याच्या नाण्याचा किस्सा तर वाचलाच पाहिजे असा. पण सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीचा उल्लेख हवा होता, असं मनापासून वाटतं.

१९०६ साली तिथे पश्चिम भारतातल्या क्षत्रप घराण्याचा राजा नहपान याची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला आहे. नाणं वितळवलं नाही, शत्रूच्या चेहऱ्यावरच डोंगर आणि उज्जैन चिन्ह (क्रॉसने जोडलेली चार वर्तुळं) उमटवलं! नीट पाहिलं तर खाली नहपानाचं नाक, ग्रीक अक्षरं अजून दिसतात. एका नाण्यावर दोन राजवटी. पराभवाचा इतका थेट पुरावा शिलालेखातही क्वचितच मिळतो. अशी नाणी ब्रिटिश म्युझियममध्येही आहेत.

लंडन-बर्लिनला जाणं सगळ्यांना कुठे जमतं? नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, मुलांना घेऊन तिथे जरूर थांबा. पुढच्या भागात त्याबद्दल सविस्तर लिहाल का?