भाव चढला म्हणून नाचताय, पण फी कोण बघणार?

बिटकॉइनचा भाव उसळल्याचे स्क्रीनशॉट आज सकाळपासून येतायत. त्याच गोंधळात मी एक्सचेंजवरून (जिथे बिटकॉइनची खरेदी-विक्री होते) थोडेसे बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये काढायला गेलो आणि विथड्रॉवल फी बघून तळपायाची आग मस्तकात गेली. रकमेचा जवळजवळ पाचवा हिस्सा! बरं, नेटवर्क तुंबलंय म्हणावं तर तसंही नाही. मेमपूल, म्हणजे थांबलेल्या व्यवहारांची रांग, उघडून बघितला, मोकळा पडलाय. अगदी किरकोळ सातोशींत (बिटकॉइनचा सगळ्यात छोटा भाग) व्यवहार पुढच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदींच्या पुढच्याच गठ्ठ्यात, जातायत. सपोर्टला विचारलं, तर ठोकळेबाज उत्तर आलं: फी नेटवर्क ठरवतं. धडधडीत खोटं!

पैसे हवे होते म्हणून शेवटी काढलेच, आणि मग तो व्यवहार ब्लॉक एक्सप्लोररवर (सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) शोधला. आउटपुटची, म्हणजे पैसे कुणाला किती गेले त्या नोंदींची, ही लांबलचक रांग, त्यात कुठेतरी माझी रक्कम. म्हणजे ढीगभर लोकांचे विथड्रॉवल एकाच व्यवहारात बांधायचे, व्यवहार नोंदवणाऱ्या खाणवाल्यांना (मायनर्सना) फी एकदाच द्यायची आणि वसूल मात्र प्रत्येकाकडून अख्खी करायची. एका आउटपुटला जागा लागते तीस-पस्तीस बाइट. तेवढ्याचे इतके पैसे? याला फी म्हणत नाहीत, लूट म्हणतात.

आणि ही फी अनेकदा बिटकॉइनमध्ये ठरलेली असते, ही सगळ्यात मोठी मेख आहे. ०.०००५ बिटकॉइन असं एकदा लिहून ठेवलं की भाव १० हजार डॉलर असताना ती होते ५ डॉलर आणि भाव १ लाख झाला की ५० डॉलर. काम तेच, बाइट तेवढेच, नेटवर्कवर भार तेवढाच. ज्यांना दर महिन्याला बारीक रकमा इकडून तिकडे कराव्या लागतात, त्यांचा खिसा प्रत्येक तेजीत असा परस्पर कापला जातो. वर किमान मर्यादा आहेच. त्याखाली असाल तर पैसे तुमचे, पण काढता येणार नाहीत. गरजू माणसाला असं अडवून धरायचं म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्यातला प्रकार आहे.

एक्सचेंज सोडा, साखळीवर, म्हणजे थेट ब्लॉकचेनवर तरी काय वेगळं आहे? फी रकमेवर नाही, बाइटवर. कोट्यवधी हलवणारा एका इनपुटमध्ये (आधी मिळालेला एकच मोठा तुकडा खर्चून) मोकळा होऊ शकतो. आणि ज्याच्याकडे चिल्लर चिल्लर जमा झालीय, त्याच्या प्रत्येक तुकड्याचा वेगळा इनपुट, प्रत्येकाचे वेगळे बाइट. गर्दीच्या दिवशी तो तुकडा हलवायचा खर्च तुकड्यापेक्षा जास्त! डिसेंबर २०१७ मध्ये सरासरी फी ५० डॉलरच्या वर गेली होती, आठवतंय ना? त्याच महिन्यात गेम विकणाऱ्या स्टीमने बिटकॉइन घेणं बंद केलं, कारण फी आणि भावाची उडी. जानेवारी २०१८ मध्ये तर मायामीच्या बिटकॉइन परिषदेनेच तिकिटांसाठी बिटकॉइन घेणं थांबवलं. बिटकॉइनच्या परिषदेने! पुढे २० एप्रिल २०२४, हाव्हिंगचा, म्हणजे खाणवाल्यांचं बक्षीस निम्मं होण्याचा दिवस. रून्स नावाच्या नव्या पद्धतीने बिटकॉइनवरच टोकन छापणाऱ्यांनी ब्लॉकमध्ये अशी झुंबड उडवली की सरासरी फी १०० डॉलरच्या पार गेली. ज्याला कुणाला त्या दिवशी साधं पेमेंट करायचं होतं, त्याने काय करायचं होतं?

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: लाइटनिंग वापरा. अहो, साखळीबाहेर स्वस्तात पैसे फिरवायच्या त्या सोयीतही आधी दोघांमधलं चॅनेल उघडायला साखळीवरच व्यवहार करावा लागतो, बंद करायलाही तोच. ती फी काय सल्ला देणारा भरणार आहे? बिटकॉइनची कल्पना मांडणाऱ्या २००८ च्या श्वेतपत्रिकेच्या शीर्षकात इलेक्ट्रॉनिक कॅश असे शब्द आहेत. किरकोळ व्यवहार परवडत नाहीत ही जुन्या पेमेंट पद्धतींविरुद्धची तक्रार तिच्या पहिल्याच भागात आहे. तीच तक्रार आज मी बिटकॉइनबद्दल करतोय, आणि करतोय ते मला हे तंत्रज्ञान मनापासून आवडतं म्हणून.

पण याबद्दल बोलायला कुणाला वेळ नाही, कारण सगळे भावाच्या भविष्यवाणीत गुंग. या भविष्यवाल्यांची मला भयंकर चीड आहे. २०२१ संपायच्या आत १ लाख डॉलर, असं छातीठोकपणे सांगत होते. त्या नोव्हेंबरमध्ये भाव ६९ हजारांच्या आसपास टेकला आणि पुढच्या नोव्हेंबरात १६ हजारांपर्यंत घसरला. १ लाख उजाडायला डिसेंबर २०२४ यावा लागला. मधल्या काळात ज्यांनी यांचं ऐकून बिटकॉइन विकत घेतलं आणि घाबरून विकलं, त्यांना एकाने तरी सॉरी म्हटलं? उलट आता "बघा, आम्ही सांगितलंच होतं" म्हणून मिरवतायत. पुढचा आकडा सांगायचा असेल तर तारखेसकट सांगा आणि चुकलात तर लिहिलेलं पुसून टाकू नका. आणि त्या आकड्याला एक छोटी रक्कम बाहेर काढायला किती डॉलर लागतील, तेही त्याच ओळीत लिहा.