आयजी फारबेनचं नाव बदलून बायर झाली? नाही, असं झालेलं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की आयजी फारबेन या नाझी काळातल्या जर्मन रसायन कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर नुसतं नाव बदललं आणि तीच आजची औषधं बनवणारी बायर. चुकीचं आहे हे. बायर १८६३ ची, बीएएसएफ ही दुसरी जर्मन रसायन कंपनी १८६५ ची, दोघींची सुरुवात कृत्रिम रंगांपासून, आणि आयजी फारबेन तर १९२५ मध्ये या दोघी, होक्स्ट, आग्फा आणि अजून काही कंपन्या एकत्र येऊन बनली. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी ती ताब्यात घेतली, पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिचे तुकडे झाले नि जुन्या नावांच्या कंपन्या परत उभ्या राहिल्या. मूळ कंपनी देणीघेणी मिटवण्यापुरती कागदावर उरली, ती २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

पण म्हणून बायरचा काही संबंधच नाही असंही प्लीज म्हणू नका. ऑशविट्झ या नाझी छळछावणीजवळच्या आयजी फारबेनच्या कारखान्यात कैद्यांना गुलामासारखं राबवलं, त्यात न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात दोषी ठरलेला आयजी फारबेनचा संचालक फ्रिट्झ टेर मेर सात वर्षांची शिक्षा पूर्ण न भोगताच सुटला आणि १९५६ मध्ये बायरच्या देखरेख मंडळाचा अध्यक्ष झाला! संताप येतो हे वाचून.

मेसेजमध्ये झायक्लॉन बी, म्हणजे नाझींनी गॅस चेंबरमध्ये वापरलेलं विष, पण बायरच्या नावावर टाकलंय, ते डेगेश नावाच्या कंपनीचं होतं, तिच्यात आयजी फारबेनचा ४२.५ टक्के हिस्सा होता.