झोटेरोचं फोल्डर ड्राइव्हमध्ये का नको: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. झोटेरो या संदर्भ आणि पीडीएफ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. झोटेरोच्या सर्व्हरवर मिळणारी ३०० एमबी फुकट जागा संशोधकाला पुरते हे मी लिहिलं ते चूक आहे. झोटेरोचं आख्खं फोल्डर गूगल ड्राइव्हमध्ये ठेवून केगावचा विद्यापीठ विभागातला संगणक आणि जुळे सोलापुरातला घरचा लॅपटॉप दोन वर्षं नीट चालले, तेव्हा धोक्याची भाषा उगाच आहे. आणि काहीच नसेल तर आरआयएस फाइल (झोटेरोतून बाहेर काढलेली नोंदींची यादी) पेनड्राइव्हवर नेली की काम भागतं.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. ३०० एमबीचा हिशेब मी मजकुराच्या पीडीएफ धरून केला होता. एक लेख साधारण एक एमबीचा, म्हणजे तीनशे लेख बसतात. तुमचा विषय सोलापूरच्या गिरण्या. त्यातली निम्मी साधनं म्हणजे जुन्या स्मरणिका आणि अहवालांचे मोबाइलवर काढलेले फोटो. एक फोटो तीन-चार एमबीचा धरला तर दोनशे पानांच्या एकाच पुस्तकाची पीडीएफ सहाशे एमबीच्या वर जाते. तुमच्यासाठी तो सल्ला निरुपयोगी होता. मूळ लेखात दुरुस्ती करतो आहे.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र मी ठाम आहे. झोटेरोच्या फोल्डरात दोन वेगळ्या गोष्टी नांदतात. एक, 'झोटेरो.एसक्यूलाइट' ही नोंदवही. सगळ्या नोंदी, टिपणं, टॅग आणि कलेक्शन या एकाच फाइलमध्ये असतात. दुसरी, 'स्टोरेज' नावाचं फोल्डर, त्यात आठ अक्षरांच्या नावांची उपफोल्डरं आणि त्यांत पीडीएफ. पीडीएफ कुठल्याही मार्गाने न्या, बिघडत नाही. नोंदवही तशी नेता येत नाही. झोटेरो उघडं असताना ती फाइल मध्येमध्ये, तुकड्यातुकड्यांनी बदलत असते आणि अर्धवट राहिलेला बदल सावरण्यासाठी शेजारी एक तात्पुरती जर्नल फाइल तयार होते. ड्राइव्हला यातलं काही कळत नाही. फाइल बदललेली दिसली की तो ती उचलतो, मग ती अर्धी लिहिलेली का असेना.

तुमचं दोन वर्षं निभावलं, कारण तुम्ही एका वेळी एकच संगणक उघडत होता आणि अपलोड पूर्ण होत होतं. आता असा दिवस धरा: विभाग बंद व्हायची वेळ झाली, ड्राइव्हचं चक्र फिरत असतानाच संगणक बंद केला. घरी लॅपटॉपवर कालची नोंदवही उघडली आणि तुम्ही तिच्यात वीस नोंदी भरल्या. सकाळी केगावचा संगणक सुरू झाला की ड्राइव्हसमोर एकाच नावाच्या दोन फाइली असतात, दोन्ही बदललेल्या. तो त्या एकत्र करू शकत नाही. एक मूळ नावाने राहते, दुसरी वेगळ्या नावाची प्रत होऊन पडते, आणि झोटेरो त्या प्रतीकडे बघतही नाही. एरर येत नाही, वीस नोंदी दिसेनाशा होतात, एवढंच. झोटेरोचं स्वतःचं सिंक, म्हणजे दोन संगणकांवरच्या नोंदी इंटरनेटवरून जुळत्या ठेवण्याची सोय, नोंदीगणिक बदल पाठवतं. एकाच नोंदीतली तीच माहिती दोन्हीकडे वेगवेगळी बदलली असेल तर तुम्हालाच विचारतं. शिवाय नोंदींच्या सिंकला जागेची मर्यादा नाही. ३०० एमबीची मर्यादा फक्त जोडलेल्या फाइलींना आहे.

म्हणून तुमच्यासाठी मार्ग असा: नोंदी झोटेरोच्या सिंकने, पीडीएफ ड्राइव्हने.

दोन्ही संगणकांवर झोटेरो बंद करा, ड्राइव्हचं अपलोड पूर्ण होऊ द्या, मग तो थांबवा. ताजं काम ज्या संगणकावर आहे तिथलं संपूर्ण फोल्डर आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. ही पायरी सोडू नका. त्यानंतर तेच फोल्डर विंडोजमधल्या तुमच्या यूजर फोल्डरात ठेवा. तिथे 'झोटेरो' नावाचं जुनं फोल्डर असेल तर आधी त्याचं नाव बदला. सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड, फाइल्स अँड फोल्डर्स इथे डेटा डिरेक्टरी (झोटेरो आपलं फोल्डर ठेवतं ती जागा) डीफॉल्ट करा, खात्यात लॉगिन करा, फाइल सिंकची खूण काढा आणि सिंक पूर्ण होऊ द्या. दुसऱ्या संगणकावर काही कॉपी करायचं नाही. तिथेही डिरेक्टरी डीफॉल्ट करून रिकाम्या लायब्ररीत लॉगिन करा, नोंदी आपोआप उतरतील.

पीडीएफसाठी ड्राइव्हमध्ये एक साधं फोल्डर करा. दोन्हीकडे 'लिंक्ड अटॅचमेंट बेस डिरेक्टरी' म्हणून त्या त्या संगणकावरचा त्याचा पत्ता द्या. घरी तो डी ड्राइव्हवर आणि विभागात सीवर असला तरी चालतं, कारण झोटेरो या फोल्डरापासून पुढचाच पत्ता जपतं. असलेल्या पीडीएफ तिथे हलवायला झॉटमूव्हसारखं प्लगइन (झोटेरोला जोडायचं छोटं पूरक सॉफ्टवेअर) लागतं. ते काम सगळ्या फाइली असलेल्या एकाच संगणकावर करा. गूगल ड्राइव्ह 'मिरर' पद्धतीवर ठेवा, म्हणजे सगळ्या फाइली संगणकावरही राहतात. 'स्ट्रीम'वर असेल तर लाइट जाऊन राउटर बंद पडला की न उतरलेली पीडीएफ उघडणार नाही. झोटेरोच्या वाचकात केलेल्या रंगखुणा नोंदवहीत जातात, त्यामुळे त्या सिंकनेच दुसरीकडे दिसतात. या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. लिंक केलेल्या फाइली ग्रुप लायब्ररीत (अनेकांनी मिळून वापरायच्या संग्रहात) चालत नाहीत आणि झोटेरोच्या मोबाइल ॲपमध्ये उघडत नाहीत.

शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावरून प्रबंध उतरवत असाल तर एक सावधगिरी. तिथे एकेक प्रबंध '०१ टायटल', '०२ सर्टिफिकेट' अशा तुकड्यांत मिळतो. दुसऱ्या प्रबंधाचे तुकडेही त्याच नावांचे. एका फोल्डरात टाकले की कोणता तुकडा कोणाचा हे कळेनासं होतं. नोंद आधी करा, तुकडे तिला जोडा, आडनाव आणि वर्ष घालून नावं बदला, मगच हलवा. नाव आखूड असू द्या. विंडोजवर चाललेलं लांबलचक देवनागरी नाव उबुंटू या लिनक्स प्रणालीवर अडतं. तिथे मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं.

आता आरआयएस. हा मार्ग मला ड्राइव्हपेक्षाही जास्त काळजीचा वाटतो. आयात केलेली प्रत्येक नोंद नवी ओळख घेऊन येते. वर्डमधल्या प्रबंधातले संदर्भ जुन्या ओळखीला बांधलेले असतात. मग पहिल्या प्रकरणात केगावची नोंद, तिसऱ्यात घरची, आणि संदर्भसूचीत एकच पुस्तक '२०१९ए' व '२०१९बी' म्हणून दोनदा छापलं जातं. तुमच्या सूचीत असं दिसत असेल तर कारण बहुतेक हेच आहे. अशी जोडी डिलीट करू नका. 'डुप्लिकेट आयटेम्स'मध्ये जाऊन 'मर्ज' करा. मर्ज केल्यावर वर्डमधला दुवा शाबूत राहतो, डिलीट केल्यावर तुटतो.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे चुकून पुसलेली नोंद तिथेही पुसली जाते. दर आठवड्याला झोटेरो बंद करून झोटेरोचं फोल्डर आणि पीडीएफचं फोल्डर दोन्ही हार्ड डिस्कवर तारखेच्या नावाने उतरवा.

बदल झाल्यावर तपासा. दोन्ही संगणकांवर 'माय लायब्ररी' उघडा, काहीही निवडू नका, वजाबाकीची कळ दाबून नोंदींखाली उघडलेली जोडफाइलींची यादी दुमडा. उजवीकडे नोंदींची संख्या दिसते. ती दोन्हीकडे सारखी आली आणि निरनिराळ्या कलेक्शनमधल्या दहा-बारा पीडीएफ उघडून पाहिल्या, की ड्राइव्हमधलं जुनं झोटेरो फोल्डर काढा. हार्ड डिस्कवरची पहिली प्रत मात्र प्रबंध सादर होईपर्यंत ठेवा.